कपाटाची फेरमांडणी

नाना, आधी वस्तुस्थिती क्रमाने मांडते. एक, तुम्हाला जाऊन अकरा वर्षे झाली. दोन, शेतीविषयक माहितीच्या शेकडो पानांची एक वेबसाइट जळगावात तयार होत आहे. तिची रचना माझी, एकटीची. तीन, ती मी शास्त्रशुद्ध केली: पीक, रोग वा कीड, कारण, उपाय. मांडणीवरच्या परदेशी पुस्तकांत आणखी एक पद्धत दिली होती. प्रत्येक विषय एकेका कार्डावर लिहायचा आणि वाचणाऱ्यांनाच त्यांचे गठ्ठे लावायला सांगायचे, गठ्ठ्यांना नावेही त्यांनीच द्यायची. अडाण्यांकडून वर्गीकरण करवून घ्यायचे, हे मला हास्यास्पद वाटले. चार, काल एरंडोलला एका शेतकरी बाईंना संगणकापुढे बसवले. पडद्यावरची यादी त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, "आठे बठ्ठं शे बाई, पण मनी कपाशीना पानं आकसी गयात, ते कोठे शे?"

मी म्हटले, "पाने आकसली ना? मग रसशोषक किडींखाली पाहा."

"रोगनं नाव मालेच माहीत ऱ्हातं, ते मी आठे कसाले येतू?"

शेजारचा ऑपरेटर हसला. पण बरोबरच होते, रोगाचे नाव ठाऊक असते तर त्या तिथे आल्याच कशाला असत्या? परतीच्या बसमध्ये मला तुमचे जामनेरचे कृषी कार्यालय आठवत राहिले.

तेव्हा मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची सुट्टी घालवायला तुमच्याकडे आले आहे. कार्यालयातले तुमच्या ताब्यातले शेतीच्या माहितीपत्रकांचे कपाट मला असह्य होते: सुतळीने बांधलेले गठ्ठे आणि वर तुमच्या हातच्या चिठ्ठ्या, 'पानं पिवळी पडतात', 'घड निसवत नाही', 'औषध मारलं, फरक नाही'. केळी आणि कपाशी एकाच गठ्ठ्यात. तीन दिवसांत मी सगळे शास्त्रानुसार लावते, नवी लेबले चिकटवते, चिठ्ठ्या रद्दीत टाकते. तुम्ही कपाट उघडता, पाहता आणि म्हणता, "अक्षर सुरेख आहे, पोरी." दुसऱ्या दिवशी एक शेतकरी खिडकीशी ताटकळतो, तुम्ही पत्रक शोधत आहात. तो म्हणतो, "नाना, कपाट शयरात शिकाले गेलतं का?" तुम्ही हसता. मला वाटते, नाना आता थकले.

शेतकरी खिडकीशी येऊन जे बोलत, तेच तुम्ही वर्षानुवर्षे चिठ्ठ्यांवर उतरवत होता, हे मला काल कळले. उद्या वेबसाइटचे काम देणाऱ्या समितीपुढे सांगायचे आहे की माझी रचना चुकली. उद्घाटन पुढे ढकला, मला गावोगाव कार्डे घेऊन बसू द्या. वर्षभराचे काम मोडायचे म्हणजे माझे नावही जाईल कदाचित. तरी टिपण लिहून झाले आहे. त्यात पद्धतीचे श्रेय मी परदेशी पुस्तकांना दिले आहे. तुमचे नाव घातले तर पुरावा मागतील, आणि तो मीच रद्दीत घातला.

तेव्हा तुम्ही मला का थांबवले नाही, याचे उत्तर मला लेखी हवे आहे. तोंडी सांगितले असते तर मी ऐकले नसते, एवढे मान्य करते.