जुन्या बागेचा निकाल

२ मार्च
ठरलं. मानसिंगरावांचा सूड घ्यायचा.
ब्रिटिशांच्या काळातली जुनी बाग तोडून तिथं पेव्हर ब्लॉक आणि म्युझिकल कारंजं करायचा एका ठेकेदाराचा प्रस्ताव आहे, ही बातमी गावात पहिल्यांदा मी आणली. आज बाग बचाव समिती झाली. अध्यक्ष आमचे शेजारी मानसिंगराव. मी साधा मेंबरसुद्धा नाही! माझं नाव निघालं तेव्हा गृहस्थ म्हणाले म्हणे, "जोतीराव नगं. चहा गार हुस्तोवर बोलत्यात."

३ मार्च
प्लॅन तयार. घरापुढे अशी बाग करायची की इंदापूरने जुनी बाग विसरावी. लॉन, धबधबा, वर लाकडी पूल. ग्राफ पेपरवर फारच देखणं दिसतंय. राजेश्वरीने विचारलं, कपडे कुठं वाळत घालायचे? बायकोला व्हिजन नाही.

११ मार्च
बारामतीहून लॉन आणलं. चटईसारखं अंथरलं. आमची लेक श्रेया झाली तेव्हा राजेश्वरीने लावलेला कडुनिंब मध्ये येत होता. काढला. ती माहेरी लासुर्ण्याला गेलीय, ते बरंच झालं.

१४ मार्च
राजेश्वरी आली. कडुनिंबाच्या जागेकडे बघत उभी राहिली. मग पिशवी उचलून आत गेली. म्हणजे पटलंय.

२६ मार्च
लॉन पिवळं. मोटर जळाल्याने धबधबा स्थगित. संशय मानसिंगरावांवर. कंपाउंडवरून काहीतरी टाकलं असणार. सकाळीच विचारत होते, पाणी कमी पडतंय का? गुन्हेगार असंच गोड बोलतात.

३० मार्च
नवी स्ट्रॅटेजी. ठेकेदाराला भेटून त्याच्या प्रस्तावाला जाहीर पाठिंबा दिला. झाडं म्हणजे नुसता पाल्याचा कचरा. तो इतका खूश झाला की माझ्या अंगणासाठीही ब्लॉक पाठवतोय. मानसिंगरावांना रोज खिडकीतून दिसतील!

८ एप्रिल
अंगण संपूर्ण ब्लॉकमय. झाडायला सोपं. मांजर मात्र हल्ली उड्या मारत जातं. दुपारी घर थोडं तापतं. राजेश्वरी जेवणं उरकली की शेंगा फोडायला जुन्या बागेत जाते. मेहबूबबी, बनाबाई, गल्लीतल्या सगळ्याच तिथं. मी बजावलं, शत्रूच्या गोटात जायचं नाही. ती म्हणाली, "मग सावली हितं आणून द्या." उत्तर सुचलं होतं, पण तोवर ती फाटकाबाहेर.

१७ एप्रिल
उद्या नगरपालिकेच्या साहेबांपुढे बागेची सुनावणी. भाषण पाठ. मानसिंगराव संपले.

१८ एप्रिल
माझं भाषण उत्तम झालं. पंखे बंद असल्याने लोक टाळ्यांऐवजी वारा घेत होते.
मग राजेश्वरी उठली. जन्मात पहिल्यांदा माइकसमोर. "साहेब, ब्लॉक टाकल्यावर काय व्हतं ते बघायचं आसंल तर आमच्या दारात चला. पायातलं तेवढं काढू नका."
हशा. साहेब, ठेकेदार, समिती, अख्खी सभा माझ्या घरी. लोक माझी बाग बघायला आले, याची नोंद असावी. साहेब फाटकातून आत आले आणि लगेच मागे फिरले. काहींनी फोटो काढले. साहेबांनी विचारलं, इथं आधी काय होतं?
राजेश्वरी म्हणाली, "लेकीचा लिंब."
हशा थांबला. मी बुटाची नाडी बांधत होतो. बराच वेळ.

२ मे
आदेश निघाला. जुनी बाग राहणार, झाडांसकट. समितीच्या सत्काराला मानसिंगरावांनी माझे आभार मानले. म्हणाले, जोतीरावांनी स्वतःचं अंगण घालवलं म्हणून गावाचे डोळे उघडले. टाळ्या. याचा सूड वेगळा घेईन. राजेश्वरी अजून कामापुरतंच बोलते.

९ मे
दुपारी घरात थांबणं अशक्य झालं. केवळ पाहणीसाठी जुन्या बागेत गेलो. राजेश्वरीने बघितलं न बघितल्यासारखं केलं. चिंचेखालच्या बाकावर मानसिंगराव एकटेच होते. पिशवी मांडीवर घेऊन सरकले, म्हणाले, "बसा." आता सगळं स्पष्ट सुनवायचं, असं ठरवून बसलो.
डोळा लागला.
राजेश्वरीने हलवून उठवलं तेव्हा ऊन उतरलं होतं आणि माझं डोकं मानसिंगरावांच्या खांद्यावर होतं. गृहस्थ तसूभर हलले नव्हते. फक्त म्हणाले, "हात लई आवघडलाय, वैनी. उठवलंत ते बरं झालं."