पुनमची भीती

सोमवार, ७ जुलै

एकदाची मुदखेडला रुजू झाले. आमच्या विद्यापीठानं यंदा मानसशास्त्र एम.ए.च्या प्रत्येकाला एकेक शाळा वाटून दिली आहे. आठवड्यातून तीन दिवस जायचं, मुलांशी बोलायचं आणि शाळेचा समुपदेशन कक्ष चालता करून द्यायचा. मला मिळाली ही रुळापलीकडची शाळा. नांदेडहून पॅसेंजरनं यायचं आणि स्टेशनातून दहा मिनिटं चालायचं. मी लातूरची, त्यामुळे शाळा म्हणजे गुण आणि गुण म्हणजे शाळा एवढंच मला ठाऊक. इथली मुलं मधल्या सुट्टीत चक्क खेळतात.

समुपदेशन कक्ष फक्त कागदावर होता. प्रत्यक्षात तिथे फाटके नकाशे, मोडके बाक आणि खिचडीची पातेली. शाळेत साफसफाई बघणाऱ्या महामाया मावशी आणि मी, दोघींनी मिळून दुपारपर्यंत सगळं हलवलं. एक खुर्ची माझी, एक मुलांची, आणि कपाटामागे सापडलेली उंच पाठीची तिसरी. ती रिकामीच ठेवायची असते म्हटल्यावर मावशी हसल्या. म्हणाल्या, "शिकलेल्या मान्साचं काई कळंना बघा." आज मी भलतीच खुश आहे.

बुधवार, १६ जुलै

रिकाम्या खुर्चीची पद्धत कामाला आली. मुलानं आपली भीती समोरच्या खुर्चीत बसली आहे असं समजायचं, ती कशी दिसते ते सांगायचं आणि तिच्याशी बोलायचं. पुस्तकात वाचताना मला हे जरा नाटकीच वाटलं होतं.

पहिली आली सातवीतली पुनम. घर रुळाच्या त्या बाजूला, आणि हिला गाडीच्या हॉर्नची इतकी भीती की भोंगा वाजला की जागच्या जागी थिजते. एकेक गाडी जाऊ देत दुपारपर्यंत पलीकडेच उभी राहते. मी विचारलं, कशी दिसते भीती? तिनं खुर्चीकडे बोट दाखवलं. काळी आहे, ओली आहे, तोंड लई मोठं आहे म्हणाली. मग मीच सुचवल्याप्रमाणे तिनं त्या भीतीला बजावलं, "तू हितंच बस. माझ्यासंगं येऊ नको." उठली ती उड्या मारतच गेली. संध्याकाळी एकटी रूळ ओलांडताना दिसली. मुख्याध्यापकांनी मला स्वतःच्या हातानं चहा आणून दिला.

शुक्रवार, २५ जुलै

बावीस मुलं झाली. आदिनाथला अंधाऱ्या खोलीची भीती, कारण चुकला की घरी कोंडतात. एका चिमुरडीला वाटतं, शाळा सुटली तरी आपल्याला न्यायला कुणी येणारच नाही. सगळ्यांनी आपापलं ओझं खुर्चीत ठेवलं आणि मोकळी झाली. आमच्या मार्गदर्शक देविका मॅडमनी फोनवर तोंडभरून कौतुक केलं. लातूरच्या कार्यशाळेत मी हे मांडायचं ठरलं. पाय जमिनीवर राहिले तर मिळवली.

मावशी मात्र त्या कोपऱ्यात झाडत नाहीत. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तुमी काढलं ते बरं केलं, मॅडम. पन टाकलं कुठं?" त्यांच्या लेखी हा उताराच. लेकरावरून ओवाळून काढलेलं तिठ्यावर नेऊन ठेवायचं, कुणी ओलांडायचं नाही, जो ओलांडेल त्याला ते धरतं. मी त्यांना समजावलं की हे मानसशास्त्र आहे. त्यांनी हाव, हाव म्हणून होकाराची मान हलवली आणि झाडू दाराबाहेरच ठेवला.

सोमवार, ४ ऑगस्ट

आदिनाथनं आज कुंपणाच्या भिंतीतल्या बिळात हात घातला. सकाळीच तिथे साप शिरलेला सगळ्यांनी पाहिला होता. मी त्याला ओढून काढलं तेव्हा त्यानं, मीच काहीतरी खुळेपणा करते आहे, अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. ती चिमुरडी विहिरीच्या कठड्यावरून चालते. हे धाडस नव्हे. धाडस करणाऱ्याला आपण काय करतोय ते माहीत असतं. एक भीती काढली, तिच्याबरोबर बाकीच्याही खुर्चीत गेल्या की काय?

खुर्चीला हात लावून पाहिला. गरम होती. ऊन असेल म्हणून स्वतःची समजूत घातली. पण खिडकी दुसऱ्या बाजूला आहे.

सोमवार, ११ ऑगस्ट

केंद्रप्रमुख शेषेराव सर तपासणीला आले. धिप्पाड माणूस, तीस वर्षांची नोकरी. मी नको म्हणायच्या आत त्याच खुर्चीत बसले. नोंदवहीबद्दल काही विचारत होते, मध्येच थांबले.

त्यांचे पाय लोंबकळत होते. सहा फुटी माणसाचे पाय फरशीपासून वीतभर वर. मग बारीक आवाजात म्हणायला लागले, कडी नका लावू, मी परत नाही करणार, इथं लई अंधार हाय. शब्द न् शब्द आदिनाथचे. तो हे बोलला त्या दिवशी खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि मी ते कुणालाही सांगितलेलं नाही.

दारात उभ्या मावशींनी आत येऊन हात धरून त्यांना ओढलं. उठल्यावर त्यांना काही आठवेना. साखर कमी झाली असेल म्हणाले. मुख्याध्यापक साखरच म्हणाले. मीही साखर म्हटलं.

मंगळवार, १२ ऑगस्ट

माझा वार नव्हता, शाळेतून फोन आला म्हणून आले. पुनम दोन रुळांच्या मध्ये बसून गृहपाठ करत होती. गाडी नुकतीच स्टेशनातून सुटलेली, वेग नव्हता, म्हणून चार हातांवर थांबली. हॉर्न ऐकू आला नाही का विचारलं. आला की, म्हणाली.

तिला कक्षात नेलं. तुझी भीती परत घे म्हणून त्याच खुर्चीत बसवलं. ती पाय हलवत बसली, मान तिरकी करून कुणाचंतरी ऐकल्यासारखी. मग मला शांतपणे सांगितलं, "ती येत न्हाई म्हनती, मॅडम. हितं समद्या हायेत, तिला लई करमून राहिलंय."

तिच्या आईला सांगितलं, पोरीला घराबाहेर सोडू नका. ती म्हणाली, शेतात निंदणी चालू आहे, तरी बघते.

मी घाबरले आहे. लिहायला लाज वाटते, पण घाबरले आहे. ही पोरगी मेली तर ती माझ्यामुळे.

बुधवार, १३ ऑगस्ट, दुपारी तीन

पुनम शाळेत नाही. घरीही नाही. रुळावर गेली असं मुलं सांगतात. दोन सर धावले आहेत, पण कुठल्या बाजूला ते कुणालाच माहीत नाही. तीन-चाळीसची गाडी आहे. ती थांबणारी नाही.

मावशींना विचारलं, उतारा परत कसा जातो? म्हणाल्या, कुणीतरी अंगावर घ्यावं लागतंय, मग ज्याचं त्याला परत जातंय. मीच बसते, म्हणाल्या. मी नाही म्हटलं. काढलं मी, त्यांनी का घ्यावं? पुनमला बघायला त्यांना बाहेर पाठवलं.

तीन-पंचवीस

बसले. वही मांडीवर. लिहीत राहिलं की मन ठिकाणावर राहतं.

पुनमची कोणती? काळी, ओली, मोठ्या तोंडाची. तिला हाक मारते —

आली.

पोटात हॉर्न वाजतोय. थांबत नाही. जा, पुनमकडे जा. जा —

तीन-छत्तीस

गेली. बावीसांतली एक कमी झाली, कळलं मला.

बाहेर रडणं. पुनम. दोन्ही कानांवर हात, धावत येते आहे. खिडकीतून दिसली. मावशींनी कवटाळलं तिला. गाडीच्या नावानं ओरडते आहे.

वाचली. देवा, वाचली.

उठते —

पाय टेकत नाहीत.

मावशींना हाक मारली. आवाज माझा नाही, बारीक आहे. पुनम दारापर्यंत आली, मला बघून किंचाळली आणि पळाली. मावशी तिच्यामागे. थांबा ना. मला ओढा आधी —

बाकीच्या एकवीस. सगळ्या एकदम —

भिंतीतून हात बाहेर येईना. पाणी लई खाली हाय —

समदे गेले. शाळा सुटली. आई काहून येईना न्यायाला —

कडी कुणी लावली, मी परत न्हाई करनार, कडी