पहिली मूठ

बा,

आज आपल्या खाचरांत भात लागलं. विहिरीवर हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि ओटीवर बसून तुला लिहितोय. सावड परत सुरू झाली आहे, हे तुला सांगायचं दर वर्षी राहून जातं. आज याच्या शेतात सगळ्यांनी वाकायचं, उद्या त्याच्या, ही रीत तुझ्या शेवटच्या वर्षांत पार मोडली होती. गावातली पोरं आसनगावच्या कारखान्यांत, कुणी कल्याणला. लावणीला तू आणि आई दोघंच वाकलेली असायचात. मी कामावरून येईपर्यंत दिवस मावळलेला असे.

सावड म्हटलं की मला आधी तुझी थप्पड आठवते. मी तिसरीत असेन. शेजारच्या काकांच्या बांधावर सगळे थांबलेत आणि मी हौसेने चिखलात उतरून रोपं खोचतोय. तू दंडाला धरून मला वर ओढतोस. "ज्याचं शेत त्याचा हात पयला. तू कोन रे?" ती रोपं तू मलाच उपटायला लावलीस. मग काका आले, गावदेवीचं नाव घेऊन त्यांनी रोपांची पहिली मूठ लावली, तेव्हा कुठे बाया खाली उतरल्या. घरी येताना तू मला खांद्यावर घेतलंस.

मधे एक रोग आला होता, बा. सगळ्या जगात. माणूस माणसाच्या श्वासाला भ्यायला लागला. आम्ही वेशीवर काट्यांच्या फांद्या टाकल्या. वरच्या ठाकरवाडीतली माणसं वीटभट्ट्यांवरून पायी परत आली, तर त्यांना गावातून जाऊ दिलं नाही. ओढ्याच्या कडेकडेने वर जायला लावलं. गेली बिचारी. बाजार बंद होता, घरांत भाजी नव्हती. पाऊस लागल्यावर त्याच वाडीतल्या बाया शेवळं आणि कुरडूचा पाला घेऊन खाली आल्या आणि काट्यांपलीकडे ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथेच तांदूळ ठेवले.

लावणी आली तेव्हा बाहेरचा मजूर मिळत नव्हता आणि गावातला प्रत्येक हात घरीच होता. कुणी ठरवलं कळलं नाही, पण सावड उभी राहिली. आमची पाळी यायच्या आधीच मला आणि तुझ्या सुनेला ताप आला. तपासणीत तोच रोग निघाला. आम्ही दार लोटून घेतलं. लोक आमच्या अंगणातून जायचं टाळू लागले. राबाच्या वाफ्यातलं रोप जून होत चाललं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर ते लावून उपयोग नव्हता. कारखानाही बंद. वर्षाचं पोट त्या रोपावर होतं.

एका सकाळी खिडकीतून बघतो तर आपल्या बांधावर माणसं. तोंडाला गमछे, मधे हातभर अंतर. गावातली, आणि वाडीतलीसुद्धा. वाडीतली माणसं आपल्याकडे मजुरीला यायची, सावडीत कधीच नव्हती. त्यांना खाचरं नाहीत, मग आपण त्यांच्याकडे वाकायला जाणार कुठे, असं तूही म्हणायचास. सगळ्यांनी मिळून रोप उपटून मुठी बांधून ठेवल्या होत्या. पण कुणी उतरेना. पाऊस कोसळत होता आणि सगळे आमच्या घराकडे बघत उभे. मला आधी उमगलंच नाही. मग शेजारचा ओरडला, "मालक, येतोस, का आमाला कोंब फुटायची वाट बगतोस?"

तापातही मला हसू आलं, आणि पाठोपाठ भीती वाटली. माझा हात लागणार कसा? माझ्याशिवाय करा, देवी समजून घेईल, असं मी खिडकीतून सांगितलं. कुणी हललं नाही. तेव्हा तुझ्याबरोबर या खाचरांत राबलेली वाडीतली म्हातारी एक मूठ घेऊन अंगणात आली. ती मूठ तिने पायरीवर ठेवली आणि मागे सरली. मी दार उघडलं, देवीचं नाव घेतलं, मुठीवर हात ठेवला आणि आत झालो. त्या दिवसांत आमच्या दाराच्या कडीलाही कुणी बोट लावत नव्हतं. तिने पुढे होऊन मूठ उचलली.

"हात धू गो, आजी," बांधावरून कुणीतरी म्हणालं.

"चिखलात तं चालले मी. आनकी किती धू?"

तिने पहिली मूठ लावली आणि सगळी रांग वाकली. मी दिवसभर खिडकीशी होतो. माणसं मागे मागे सरत होती आणि त्यांच्यापुढे मातकट पाणी हिरवं होत होतं. माझे हात कधी जोडले गेले कळलं नाही. सावडीत जेवण शेतवाल्याचं, पण आम्हाला कुणाला पाणीही देता आलं नाही. त्यांनी घरून आणलेल्या भाकऱ्या आपल्या खाचरांच्या बांधावर सोडून खाल्ल्या.

बरा झाल्यावर वाडीवर गेलो आणि म्हातारीला विचारलं, आता मी काय करू? "नाचनीला ये," ती म्हणाली. मी गेलो, माझ्यामागे अर्धं गाव आलं. डोंगरउतारावर नाचणी लावताना आमच्या कंबरा मोडल्या आणि वाडीतल्या पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या. तेव्हापासून दर वर्षी आम्ही वर जातो, ते खाली येतात. कारखाने कधीचे सुरू झाले, तरी पोरं लावणीला रजा टाकतात. त्या रोगाने आपल्या गावातलीही माणसं नेली. त्याला चांगला म्हणायला जीभ उचलत नाही. तरी दिवा लावताना मनात येतं, इतकी वर्षं वाडीची ही वाट इथेच होती, आणि आम्हाला ती वेशीवर काटे टाकल्यावर दिसली.

हा कागद मी कुठे पाठवणार? एक मात्र सांगतो, ते घरातही कुणाला ठाऊक नाही. आज सकाळी मी केव्हाचा तयार होतो, तरी दाराआड उभा राहिलो. दर वर्षी राहतो. फटीतून बांधाकडे बघतो, माझ्याशिवाय उतरतात का ते. आजही सगळे पावसात थांबले होते, म्हातारी सगळ्यांच्या पुढे.