कागदावरचा म्हातारा

४ मार्च
पुन्हा कॉलेजात रुग्ण झालो! तिथे नर्सबायांना मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करायला शिकवतात, आणि सराव आम्हा सोंगाड्यांवर. कागदावर माझं सगळं लिहिलेलं — नाव व्हर्जिलऐवजी हायरम, बायको गेलेली, झोप उडालेली. माझी खरी बायको, नदीन, तीही गेल्या पानगळीत गेली. पण ते तिथे कुणाला ठाऊक नाही, मीही बोललो नाही.

समोर डार्ला. बारा वर्षं अपघात विभागात काढलेली. मी डोळे पुसतोय तोच हिने रुमाल पुढे केला, पाणी आणलं, नाडीसुद्धा धरली! शिकवणाऱ्या हॅडिक्सबाई ओरडल्या, "अगं, रडू दे की त्यांना! रुमाल देऊन तोंडच बंद केलंस." पोरगी लालेलाल.

११ मार्च
आज डार्ला चक्क स्वतःच्या हातांवर बसली होती! "काका, हे हात ऐकतच नाहीत हो."
"दोरी आणू का बांधायला?"
हसली. मग गप्प राहिली. पण काय ते गप्प राहणं! केंटकीच्या डोंगरात जन्मभर कोळशाचा ट्रक हाकला, एकट्याची शांतता मला पाठ आहे. ही निराळीच — कुणी शेजारी येऊन बसल्यासारखी. नुसतं बसूनही माणूस एवढं देऊ शकतो?

१८ मार्च
उद्या तिची परीक्षा. हुकली तर वर्ष गेलं. घरी दोन लेकरं, वर रात्रपाळी. हायरम चोख वठवायचा!

१९ मार्च
काय बघितलं मी आज!

सुरुवात कागदाबरहुकूम. मग तिने विचारलं, "संध्याकाळी काय करता?" आणि तोंडून निघूनच गेलं — "दोन ताटल्या मांडतो. मग एक उचलून ठेवतो." हे कागदावर नव्हतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बाईंना म्हणाली, "परीक्षा थांबवा. हे हायरम बोलत नाहीयेत."
"डार्ला, थांबवलीस तर गुण नाहीत. नियम आहे."
"नसू देत."

आणि जेवलात का विचारावं इतक्या साधेपणानं — "व्हर्जिलकाका, जीव द्यावा असं मनात येतं का?"

चर्चमध्ये नाही, डॉक्टरनं नाही, पोटच्या पोरांनीही नाही — हे मला कुणी विचारलंच नव्हतं. तिचा आवाज जराही कापला नाही. मी "हो" म्हणालो. ती हलली नाही. मग तिघांनी बसून ठरवलं, घरी गेल्यावर आधी काय करायचं ते.

संध्याकाळी
शेजारच्या क्लाइडला हाक मारली. बंदूक तो त्याच्या घरी घेऊन गेला. गोळ्या मीच काढून दिल्या. शनिवारी मीच भरल्या होत्या.