शिशाच्या कडांचा वाफा

चि. धाकटीस,

थोरलीचा आशीर्वाद. तुझे गुडघे, मेहुण्यांचा खोकला आणि ठकीचे दात (नातीला दात येताना ताप आजीलाच जास्त येतो) ठीक असावेत. तुझ्या मुलाचा फोन लागत नाही आणि तुझा कालपासून बंद आहे. तो वेळेवर चार्जिंगला लावायची शिस्त तुला आईनं लावली नाही, मी काय लावणार! म्हणून पत्र.

इकडे क्षेम नाही. यांनी निवृत्तीनंतर घरामागच्या पडीक जागेत वाफा केला, हे तुला ठाऊक आहेच. गाजरं दृष्ट लागण्यासारखी आली. आज सकाळी मी प्रथमच तिकडे गेले (मला चिखल खपत नाही), तर वाफ्याला राखाडी पट्ट्यांच्या सुबक कडा! एक पट्टी उचलली, तर मनगटच खाली गेलं. शिसं! "खणताना ढीगभर निघाल्या. फुकटात कडा झाल्या की नाही?" हे छाती फुगवून म्हणाले. पूर्वी तिथे मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडत, हेही यांना माहीत होतं. मला सांगितलं नाही, कारण मी म्हणे उगाच घाबरते.

मी घाबरलेले नाही. हात तेवढे साबणानं चारदा धुतले. कॉलेजात शिकलेलं बाकी सगळं विसरले, नेमकं हेच आठवलं. मुळं शिसं शोषतात, पेशींच्या भिंतींत जखडतात, आतल्या कप्प्यांत कोंडतात आणि वर पानांना फारसा पत्ता लागू देत नाहीत. सासरचं सगळं गिळून माहेरी हसतमुखानं येणाऱ्या लेकीसारखी. म्हणून पाला हिरवागार आणि आम्ही खूश. "झाडाला काही होत नाही, मग मला काय होणार?" म्हणत यांनी माझ्यादेखत एक गाजर कडाकडा खाल्लं. मी म्हटलं, "अहो, झाडाला कप्पे आहेत. माणसाच्या ते मेंदूत जातं." (यांच्या मेंदूत आजवर माझं काही गेलेलं नाही, एवढाच दिलासा.) दोघांचं रक्त तपासायला दिलंय. जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
थोरली

ता. क. रविवारी तुझा मुलगा गाजरं न्यायला आला, तेव्हा मीच बजावलं होतं, पाल्यावर रस्त्याची धूळ असते, पाला इथेच टाक, मुळं तेवढी ने. ठकीच्या हिरड्या शिवशिवतात म्हणून तू तिला गाजर चघळायला देतेस. ते आधी तिच्या हातातून काढून घे. हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, लिहवेना. डॉक्टरांकडे तिला आजच ने. मी येतेच आहे.

आणखी एक. पत्र घेऊन हेच येताहेत. उरलेली सगळी गाजरं यांच्याकडे परत दे. आणि यांच्या हातात पिशवी असेल तर दारातच अडव. हे कुणाकडे रिकाम्या हातानं जात नाहीत.