बट्टीला तूप लावलं नव्हतं

११ डिसेंबर
सुरतहून घरी, सारंगखेड्याला. फुप्फुसातली कॅन्सरची गाठ काढली, पण ऑपरेशनमध्ये छातीतली चरबी वाहून नेणारी बारीक नळी दुखावली. तेल-तूप खाल्लं की ते छातीत गळतं आणि रबरी नळीतून सोबतच्या बाटलीत उतरतं, दुधासारखं पांढरं. इलाज एकच : तेल, तूप, दूध बंद. सोमवारपर्यंत गळती थांबली नाही तर पुन्हा ऑपरेशन.
जन्मभर संयमावर भाषणं केली. मला हे किरकोळ.

१३ डिसेंबर
पेज. उकडलेला दुधी. पेज. बाटली जवळजवळ नितळ. पत्नी रोहिणी रोज सकाळी बाटलीचा फोटो डॉक्टरांना पाठवते. यात्रेच्या घोडेबाजारातल्या सोमवारच्या भाषणाचा विषय कळवला : ‘जिभेवर ताबा’. जिना चढताना दोनदा बसलो. थकवा हा मनाचा दुबळेपणा.

१४ डिसेंबर, दत्तजयंती
शेजारच्या ईश्वरकडे वरण-बट्टी. मी ठणकावलं, तुपाचा थेंब चालणार नाही. तो म्हणाला, “दादा, बिगर तूपनी खा मंग.” तत्त्वात बसत होतं. बाटली पिशवीत घालून गेलो. तुपाची वाटी सर्वांसमक्ष दूर सारली आणि त्यावर थोडं बोललोही. पंगत थांबली होती. बट्ट्या चार.

१५ डिसेंबर, सकाळी
बाटली पांढरीशुभ्र. बहुधा औषधाचा दोष.
रोहिणीने विचारलं, “काय खादं?” म्हटलं, बट्टी, पण तुपाला शिवलो नाही. ती कपाळाला हात लावून बसली. “उकाडीसन तेलमा तळतस ना ती! जलमभर खाई ऱ्हायनात, इतलं ठाऊक नही?”
तळणं ही स्वयंपाकघराची अंतर्गत बाब. वक्त्याला कशी कळावी?
परवाचाच फोटो पाठव, असं सुचवलं. तिने आजचा आधीच पाठवला होता.

१६ डिसेंबर, सोमवार
डॉक्टरांचा फोन. आजच निघा. भाषण करून निघतो म्हटलं. रोहिणी पिशवी भरत होती, तिने मान वर केली नाही. गाडीत दम लागला.

१७ डिसेंबर, सुरत
उद्या ऑपरेशन. ईश्वरचा फोन आला. माझ्या जागी तोच बोलला, टाळ्या पडल्या म्हणे. दाखला कुणाचा दिला, विचारलं नाही.
नर्स म्हणाली, रात्रीपासून पोटात काही जायला नको. मी सांगितलं, त्या बाबतीत निश्चिंत राहा.
रोहिणी तिचा जेवणाचा डबा उचलून बाहेर बाकावर जाऊन बसली.