तांबं आणि कथलामधला थर

ती. बाबांना,

इथूनच वाकून नमस्कार. माझी तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं. तुमचा गुडघा कसा आहे? खरं लिहा.

तुम्ही जन्मभर रेडिओंना डाख दिलेत, म्हणून तुम्हालाच हे सांगते. आमच्याकडे दवाखान्यातल्या श्वासाच्या यंत्रांची सर्किटं बनतात. मी त्यांचे सांधे कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघते. डाख देताना तांब्यावर कथील वितळतं, तेव्हा तांबं त्यात थोडं मुरतं आणि दोघांमध्ये पातळ थर धरतो. सांधा टिकतो तो त्याच्यामुळेच. पण आच जास्त वेळ लागली की थर जाड होतो आणि सांधा ठिसूळ पडतो.

गेल्या आठवड्यात सगळा माल तसाच निघाला. मी सही केली नाही. साहेब भडकले.

"सांधे आरशासारखे चकचकीत आहेत! गाडी दारात उभी आहे."

"आणि पेशंटला लावलेल्या यंत्रात तडकले तर?"

"सोमवारपर्यंत सही करा, नाहीतर घरी बसा."

दोन दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. डबा एकटीने खाल्ला, पण संपवला हो.

सोमवारी साहेबांनी स्वतःच एक सर्किट हादऱ्यांच्या चाचणीला लावलं. तासाभरात चार सांधे तडकले. त्यांनी सगळा माल मोडीत काढायला लावला आणि सर्किट भट्टीत ठेवायची नवी वेळ माझ्याकडून लिहून घेतली.

आईला सांगा, नोकरी छान चालली आहे. मी बॅग भरून ठेवली होती, हे मात्र आपल्या दोघांतच राहू द्या.

तुमची,
ठकी